आफ्रिकन जॅझच्या रेकॉर्ड जमवायच्या, तर सुरुवात कुठून?

प्रश्न असा आहे : घरात बऱ्यापैकी टर्नटेबल आहे, अमेरिकन जॅझच्या वीसेक एलपी आहेत, महिन्याला तीन-चार हजार रुपये बाजूला काढता येतात. आता आफ्रिकन जॅझ जमवायचंय. पहिली रेकॉर्ड कोणती घ्यावी, मूळ प्रत घ्यावी की रीइश्यू (जुन्याच रेकॉर्डची नव्याने काढलेली आवृत्ती), आणि फसवणूक कशी टाळावी?

थोडक्यात उत्तर : दक्षिण आफ्रिकेपासून सुरुवात करा, पहिलं वर्षभर रीइश्यूच घ्या, आणि ‘सर्वांत दुर्मिळ’ रेकॉर्डच्या याद्यांच्या मागे न लागता वादकांच्या नावांचा माग काढत पुढे जा. एका कव्हरच्या मागे छापलेली पाच-सहा नावं पुढच्या पाच-सहा रेकॉर्डपर्यंत नेतात. असा संग्रह लहान राहिला तरी त्याला आकार असतो.

दक्षिण आफ्रिकाच का, हे आधी सांगतो, कारण इथे नवीन माणूस हमखास अडखळतो. विक्रीच्या साइटवर ‘आफ्रिकन जॅझ’ असं शोधलं की काँगोतला जोसेफ काबासेलेचा ‘आफ्रिकन जॅझ’ हा वाद्यवृंद येतो, ‘ओके जॅझ’ येतो, गिनीचा ‘बेंबेया जॅझ’ येतो, टांझानियातले ‘नुटा जॅझ’ आणि ‘किल्वा जॅझ’ येतात. यांच्या नावात जॅझ आहे, पण संगीत आहे ते नाचाचं : रुंबा, गिटारींची गुंफण, गाणं. ते फार सुंदर आहे आणि त्याचा वेगळा संग्रह जरूर करावा. मात्र कोल्ट्रेन किंवा मंक असे अमेरिकन जॅझवादक ऐकून आलेल्या माणसाला सॅक्सोफोनवरची लांबलचक उपज हवी असेल, तर इथे त्याचा हिरमोड होईल. पूर्व आफ्रिकेच्या ४५च्या (मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या छोट्या) रेकॉर्डवर मोम्बासाच्या असानंद अँड सन्सचं ‘म्झुरी’ किंवा केरिचोच्या चंदाराना यांचं लेबल दिसलं, की आपल्याकडची नावं बघून मन ओढ घेतं. तो व्यापार बराचसा भारतीय वंशाच्या दुकानदारांच्या हातात होता, हे खरंच आहे. तरी त्या रेकॉर्डवर बहुतेक बेंगा, रुंबा आणि तारब हे तिथले लोकप्रिय गाण्याचे प्रकार सापडतील, जॅझ नाही.

ज्याला जॅझश्रोता जॅझ म्हणेल असं संगीत मोठ्या प्रमाणावर रेकॉर्ड झालं ते दक्षिण आफ्रिकेत. जोहान्सबर्गला एरिक गॅलो यांनी १९२६ मध्ये धंदा सुरू केला, पुढे तिथेच स्टुडिओ झाले, रेकॉर्ड दाबण्याचे कारखाने झाले. काळ्या लोकांच्या वस्त्यांमध्ये मराबी (तिथलंच, एक छोटं आवर्तन फिरवत राहणारं नाचाचं संगीत) आणि स्विंग वाजवणारे बँड १९३० च्या दशकापासून होते. त्यामुळे वादक, स्टुडिओ आणि गिऱ्हाईक हे तिन्ही एका शहरात होते. इथिओपियाचं काम फार मोलाचं आहे, पण प्रमाणाने लहान आहे. इजिप्तचं त्याहून लहान.

नावांचा माग

पहिली रेकॉर्ड विन्स्टन मंकुंकू न्गोझीची ‘याखाल इंकोमो’ घ्या, १९६८ ची. चारच रचना आहेत. पहिल्या बाजूवर मंकुंकूच्या स्वतःच्या दोन, दुसऱ्या बाजूवर होरेस सिल्व्हरची ‘डूडलिन’ आणि कोल्ट्रेनची ‘बेसीज ब्लूज’. अमेरिकन जॅझच्या कानाला ओळखीचं काय आणि नवं काय, हे एकाच तबकडीवर शेजारी शेजारी ऐकायला मिळतं. शीर्षकरचना आधी तीन-चारदा ऐका आणि मगच दुसरी बाजू लावा. मंकुंकूच्या टेनर सॅक्सोफोनचा सूर सुरुवातीपासूनच वेगळा आहे : लांब, हंबरल्यासारखा, आणि खाली पियानो तेच छोटं आवर्तन न कंटाळता फिरवत राहतो. हे फिरतं आवर्तन मराबीतून आलंय. पुढच्या बहुतेक रेकॉर्डमध्ये ते भेटत राहील.

आता कव्हर उलटं करा. पियानोवर लायनेल पिल्ले. त्याचा माग काढला की १९७९ ची ‘प्लम अँड चेरी’ मिळते, तिच्यावर टेनर सॅक्सोफोन वाजवलाय बेसिल कूट्झीने. कूट्झीचा माग काढला की १९७४ ची ‘मॅननबर्ग’, पियानोवादक डॉलर ब्रँडची. केपटाउनला ध्वनिमुद्रित झालेली ही रेकॉर्ड म्हणजे एका बाजूवर एकच रचना आणि दुसऱ्या बाजूवर ‘द पिलग्रिम’. तिथून अल्टो सॅक्सोफोनवाल्या किपी मोएकेत्सीकडे जा : १९७३ ची ‘डॉलर ब्रँड प्लस थ्री’ आणि पॅट मात्शिकिझासोबतची १९७५ ची ‘त्शोना’. त्शोनावर कूट्झी पुन्हा आहेच. आणि किपीच्या मागे गेलं की आपण मुळाशी पोचतो : ‘जॅझ एपिसल व्हर्स वन’, १९६०. डॉलर ब्रँड, किपी, ह्यू मासेकेला, जोनास ग्वांग्वा, जॉनी गर्ट्झे, मकाया न्त्शोको. ही मूळ प्रत विकत घेण्याचा विचारही सध्या नको. तिची पहिली छपाई अगदी थोडी होती आणि ती लिलावातच दिसते. रीइश्यूवर ऐका.

हे गट फार काळ का टिकले नाहीत आणि रेकॉर्ड कमी का आहेत, याचं कारण संगीतात नाही. मार्च १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या शार्पव्हिलला पोलिसांनी निदर्शकांवर गोळीबार केला, आणीबाणी आली, मिश्र वंशाच्या बँडना एकत्र वाजवणं अवघड झालं. मासेकेला आणि ब्रँड बाहेर पडले. क्रिस मॅकग्रेगरचा ‘ब्लू नोट्स’ हा गट १९६४ मध्ये फ्रान्समधल्या आँतिबच्या महोत्सवाला गेला आणि युरोपातच राहिला. त्यामुळे संग्रहाच्या दोन शाखा होतात, एक घरची आणि एक परागंदा झालेल्यांची.

कमी पैशात मूळ प्रती हव्या असतील, तर या दुसऱ्या शाखेत मिळतील. त्या युरोप-अमेरिकेत दाबल्या गेल्या, जास्त संख्येने निघाल्या आणि तुलनेने नीट सांभाळल्या गेल्या. मासेकेलाची ‘होम इज व्हेअर द म्युझिक इज’ (१९७२, दोन तबकड्या) ही माझ्या मते सगळ्या यादीतली सर्वांत किफायतशीर खरेदी आहे. डुडू पुक्वाना आणि मकाया न्त्शोको तिच्यावर आहेत. पुक्वानाची ‘इन द टाउनशिप्स’ (१९७४), डॉलर ब्रँडची एकट्याने वाजवलेली ‘आफ्रिकन पियानो’, आणि एन्या लेबलवरची जॉनी ड्यानीसोबतची ‘गुड न्यूज फ्रॉम आफ्रिका’ याही आवाक्यातल्या आहेत. ब्लू नोट्सची १९७६ ची ‘ब्लू नोट्स फॉर मोंगेझी’ मात्र थोडं ऐकणं झाल्यावर घ्या. ट्रम्पेटवाला मोंगेझी फेझा गेल्यावर त्याच्या मित्रांनी स्टुडिओत जाऊन वाजवलेलं ते आहे, अनावर आणि मोकळं.

एक व्यवहाराची गोष्ट : तीच रेकॉर्ड दुसऱ्या नावाने स्वस्त मिळते का, ते नेहमी बघा. ‘मॅननबर्ग’ अमेरिकेत ‘केपटाउन फ्रिंज’ या नावाने कियारोस्क्यूरो लेबलवर निघाली. संगीत तेच, किंमत मूळ दक्षिण आफ्रिकन प्रतीच्या तुलनेत कितीतरी कमी. डॉलर ब्रँडने इस्लाम स्वीकारल्यावर अब्दुल्ला इब्राहिम हे नाव घेतलं, तेव्हा शोध दोन्ही नावांनी घ्यायचा. मोएकेत्सीचं स्पेलिंग कव्हरागणिक बदलतं. इथिओपियन नावांच्या रोमन लिप्यंतराला तर धरबंदच नाही. शोधात कलाकाराचं नाव न टाकता नुसता कॅटलॉग क्रमांक टाकला, तर चुकीच्या स्पेलिंगखाली दडलेल्या प्रतीही सापडतात.

लेबल वाचायला शिका

मॅननबर्ग, त्शोना, प्लम अँड चेरी ही सगळी रशीद वल्ली यांच्या ‘अस-शम्स’ म्हणजेच ‘द सन’ या लेबलची निर्मिती. जोहान्सबर्गमधलं त्यांचं ‘कोहिनूर’ हे रेकॉर्डचं दुकान याच मंडळींचा अड्डा होतं. या लेबलचे क्रमांक पाहा : मॅननबर्गचा क्रमांक एसआरके ७८६१३४. सुरुवातीचा ७८६ आपल्या वाचकांना वेगळा सांगायला नको. असा क्रमांक दिसला की ती रेकॉर्ड वल्लींच्या घरची, एवढं कव्हर न उघडताही कळतं.

मूळ प्रत ओळखताना कव्हरवरच्या सालावर विसंबू नका. लोकप्रिय रेकॉर्ड पुढची कित्येक वर्षं त्याच कव्हरमध्ये पुन्हा दाबल्या गेल्या आणि साल जुनंच राहिलं. तीन गोष्टी एकत्र जुळाव्या लागतात : लेबलचा रंग आणि मांडणी, कव्हरवर छापलेला वितरकाचा पत्ता, आणि तबकडीच्या शेवटच्या मोकळ्या पट्टीत कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक. विक्रेत्याकडे दोन्ही बाजूंच्या त्या पट्टीचा फोटो मागा. डिस्कॉग्ज या रेकॉर्डच्या नोंदींच्या साइटवर त्या आवृत्तीच्या नोंदीत क्रमांक दिलेला असतो, त्याच्याशी एकेक अक्षर ताडून बघा. जो विक्रेता हा फोटो द्यायला टाळाटाळ करतो, त्याच्याकडून महागडी प्रत घेऊ नये.

रीइश्यू कमी दर्जाचे, हा समज सोडा. मत्सुली म्युझिक (बत्सुमी, डिक खोझा, स्पिरिट्स रिजॉइस), स्ट्रट (‘नेक्स्ट स्टॉप सोवेटो’चा जॅझवरचा तिसरा भाग हा उत्तम नकाशा आहे), आउटरनॅशनल साउंड्स (द सोल जॅझमेनची ‘इंह्लुपेको’), टोरोंटोचं ‘वी आर बिझी बॉडीज’ (हेशू बेशू ग्रुपची ‘आर्मिटेज रोड’) ही मंडळी हक्क रीतसर घेतात, मजकूर जाणकारांकडून लिहून घेतात. असे रीइश्यू साधारण २० ते २५ पाउंडांना पडतात. घेण्याआधी एवढंच विचारा की ध्वनी मूळ टेपवरून घेतलाय की जुन्या तबकडीवरून. बऱ्याच टेपा हरवल्या आहेत, त्यामुळे तबकडीवरून घेणं हा गुन्हा नाही, फक्त ते सांगितलेलं असावं. अशा कोऱ्या रेकॉर्डवर पियानो एकटा वाजत असताना मागे बारीक चरचर येत असेल, तर ती बहुधा तुमच्या प्रतीतली खोट नसते, स्रोतातलीच असते. तसं असेल तर प्रत बदलून घेऊन उपयोग नाही, दुसऱ्या प्रतीतही त्याच ठिकाणी चरचर येईल.

चोरून छापलेल्या प्रती मात्र टाळा. इथिओपियाच्या मुलातू अस्तात्केच्या रेकॉर्डबाबत त्या खूप फिरतात. खुणा : कव्हरचा फोटो धूसर, छपाईच्या जाळीचे ठिपके दिसतात, बारीक अक्षरांच्या कडा भरलेल्या, हक्काची ओळ नाही, कंपनीचा पत्ता नाही, आणि मॅट्रिक्सच्या जागी चार-पाच अक्षरांचा मोघम क्रमांक. ‘मुलातू ऑफ इथिओपिया’ (१९७२) ची स्ट्रटने २०१७ मध्ये काढलेली अधिकृत आवृत्ती उपलब्ध असताना दुसरीकडे जायचं कारणही नाही.

इथिओपियाचा विषय निघालाच आहे. सम्राट हैले सेलासीच्या काळात रेकॉर्ड काढण्याची मक्तेदारी सरकारी संस्थेकडे होती. अम्हा एशेते या तरुणाने ती झुगारून १९६९ मध्ये स्वतःचं लेबल काढलं आणि १९७५ पर्यंत चालवलं. मूळ माल बहुतेक ४५च्या छोट्या रेकॉर्डवर आहे, आणि त्या इतक्या वाजवल्या गेल्यात की साफ प्रत दिसणं विरळाच. म्हणून इथे संकलनापासून सुरुवात करणंच शहाणपणाचं : ‘एथिओपिक्स’ मालिकेचा चौथा भाग (मुलातू) आणि चौदावा (सॅक्सोफोनवाले गेताचू मेकुरिया). मग वालियास बँडची ‘चे बेलेव’ (१९७७). शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्या मराठी कानाला इथे एक जास्तीचा आनंद आहे : तिझिता या त्यांच्या प्रमुख स्वरसमूहाच्या मेजर रूपात नेमके भूपाचेच पाच स्वर आहेत, आणि अंबासेल या दुसऱ्या स्वरसमूहात गुणक्रीचे. चलन अर्थातच वेगळं, पण ओळखीच्या घरात अनोळखी माणूस बसलेला दिसावा तसं होतं. इजिप्तसाठी सलाह रागाब आणि कैरो जॅझ बँडचं ‘इजिप्शियन जॅझ’ हे एक संकलन पुरे.

प्रत पारखताना

दर्जाची भाषा सगळीकडे सारखीच : मिंट, निअर मिंट, व्हीजी प्लस, व्हीजी (व्हेरी गुड), गुड. ‘गुड’ म्हणजे चांगली नव्हे, ‘गुड’ म्हणजे वाजेल पण खरखरेल. आफ्रिकेतून येणाऱ्या जुन्या प्रतींबाबत व्हीजीच्या खाली जाऊ नका, आणि व्हीजीदेखील विक्रेत्याने वाजवून ठरवलीय की नुसती बघून, हे विचारा. कारण असं की त्या काळचे बॅटरीवरचे पोर्टेबल प्लेअर जड सुईचे होते. आजचं काट्रिज (सुई बसवलेला भाग) दोन ग्रॅम भार टाकतं, ते प्लेअर त्याच्या कितीतरी पट टाकत, आणि सुई झिजली तरी बदलली जात नसे. त्यामुळे ओरखडा एकही नाही आणि तरी खाचांच्या भिंती घासून गेलेल्या, अशी प्रत मिळते. दिसायला ती थोडी राखाडी, चमक गेलेली असते आणि सॅक्सोफोनचा वरचा सूर लागला की आवाज फाटतो. धुऊन हा दोष जात नाही.

प्रत्यक्ष हातात घेऊन बघायला मिळाली, तर ट्यूबलाइटखाली बघू नका. एकच दिवा तिरपा धरा आणि तबकडी हळूहळू फिरवा. मधल्या भोकाभोवती लेबलवर कोळ्याच्या पायांसारख्या बारीक रेषा दिसतात. रेषा जितक्या जास्त, तितक्या वेळा ती टर्नटेबलवर चढली. ओरखड्यावरून नख अलगद आडवं न्या. नखाला जाणवला तर तो ऐकूही येणार. नखाला न जाणवणारा बहुधा वरवरचा असतो.

दक्षिण आफ्रिकेच्या नभोवाणीच्या ग्रंथालयातून बाहेर आलेल्या प्रती हा एक खास प्रकार आहे. वर्णभेदाच्या काळात जे गाणं वाजवायचं नाही असं ठरे, त्याच्या खाचांवर टोकदार वस्तूने मुद्दाम रेघोट्या मारून ठेवत. एकच ट्रॅक आडवातिडवा खरवडलेला आणि बाकीची बाजू स्वच्छ, असं दिसलं की तो प्रकार ओळखावा. इतिहासाचा दस्तऐवज म्हणून अशी प्रत ठेवण्यासारखी आहे, पण ऐकायला दुसरी घ्यावी लागेल. आणि त्या ट्रॅकवर चांगली सुई ठेवू नका.

क्वेला (पत्र्याच्या छोट्या बासरीवरचं दक्षिण आफ्रिकन नाचाचं संगीत) आणि त्याआधीचा माल, म्हणजे बासरीवाला स्पोक्स माशियाने वगैरे, ७८च्या लाखेच्या तबकड्यांवर आहे. दक्षिण आफ्रिकेत त्या साठच्या दशकात अगदी शेवटपर्यंत निघत होत्या, जशा आपल्याकडेही निघत होत्या. त्यांची खाच रुंद असते, त्यामुळे तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते. एलपीची बारीक सुई खाचेच्या तळाशी घसरते आणि नुसता खरखराट ऐकू येतो. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ जातीचं काट्रिज असेल, तर फक्त सुई बदलून एसपी प्रकारची बसते. मात्र तिला ५ ग्रॅम भार लागतो, आणि कित्येक टर्नटेबलच्या दांडीमागचं भार ठरवणारं वजन तिथपर्यंत पोचत नाही. घेण्याआधी तपासा. जुन्या मोनो एलपी वाजवताना ॲम्प्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर दाबा, निम्मी चरचर तिथेच कमी झाल्यासारखी वाटेल.

मागवणं आणि सांभाळणं

एक एलपी पॅकिंगसकट साधारण अर्धा किलो भरते, तीन मिळून किलो-सव्वा किलो. टपालखर्च तिप्पट होत नाही, म्हणून एका विक्रेत्याकडून तीन-चार एकत्र मागवा. सीमाशुल्क वस्तूच्या किमतीवर नव्हे, तर किंमत, टपाल आणि विमा यांच्या बेरजेवर लागतं. दर बदलत असतात, त्या वेळचा दर बघून हिशेब करा आणि तोच रीइश्यू भारतातल्या दुकानात आहे का, हेही विचारा. कधी कधी इथेच स्वस्त पडतो. जुनी प्रत मागवताना विक्रेत्याला आवर्जून सांगा : तबकडी कव्हरमधून काढून, आतल्या पाकिटासह कव्हरच्या मागे ठेवून पाठवा. कव्हरमध्येच राहिली तर वाटेतल्या धक्क्यांनी ती कव्हरची वरची शिवण फाडते. दक्षिण आफ्रिकेतून येणारं पार्सल ट्रॅकिंगवालं आणि विमा उतरवलेलंच मागवा.

आलेली जुनी रेकॉर्ड धुतल्याशिवाय वाजवू नका. खाचेतली धूळ सुईखाली सापडली की पॉलिश पेपरचं काम करते. ९०० मिली डिस्टिल्ड वॉटर, १०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बिनवासाच्या भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब. मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने गोल फिरवा, लेबल ओलं होऊ देऊ नका, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुवा. नळाचं पाणी नको, क्षार खाचेत बसतात. लाखेच्या ७८ला अल्कोहोल अजिबात लावू नका, लाख विरघळते. तिथे फक्त पाणी आणि लिक्विड, तेही झटपट.

मुंबई, कोकण, गोव्यात खरा शत्रू पावसाळा. जुन्या कव्हरवरच्या लॅमिनेशनखाली ओल अडकते आणि कडेने बुरशी आत शिरते. बुरशी लागलेलं कव्हर आधी सावलीत दोन दिवस वाळवा, मऊ कोरड्या ब्रशने घराबाहेर झटका, आणि ते पूर्ण कोरडं होईपर्यंत बाकीच्या रेकॉर्डपासून लांब ठेवा. जुनी कागदी आतली पाकिटं फेकू नका, त्यावर छपाई असली तर ती प्रतीचा भाग असते, पण तबकडी नव्या प्लास्टिक अस्तराच्या पाकिटात ठेवा. बाहेरची पिशवी पॉलिप्रॉपिलीनची घ्या. पीव्हीसीच्या जाड पिशवीतला द्रव कालांतराने तबकडीवर ढगाळ डाग पाडतो आणि ते डाग निघत नाहीत. रेकॉर्ड उभ्या ठेवा, बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट टाळा, सिलिका जेलच्या पुड्या जूनच्या आधी बदला.

आणि पहिल्या रेकॉर्डपासूनच एक वही ठेवा. प्रत्येक प्रतीसाठी एक पान : कॅटलॉग क्रमांक, दोन्ही बाजूंचा मॅट्रिक्स क्रमांक, कुठे किती वाजवताना खरखर येते, काय किमतीला पडली, आणि खाली सगळ्या वादकांची नावं वाद्यांसह. पुढची खरेदी ठरवताना आधी त्या नावांवरून नजर फिरवा.